रानातल्या रोझमेरीचं तेल: झुडपागणिक बदलणारा वास ओळखायचा आणि मोजायचा कसा

"मॅडम, तेलात भेसळ आहे." एमएस्सीच्या प्रोजेक्टवरची मुलगी रिपोर्टचा कागद टेबलावर ठेवून म्हणाली. तिने बाजारातून रोझमेरीच्या सुगंधी तेलाची बाटली आणली होती आणि हौसेने तिची गॅस क्रोमॅटोग्राफी (तेलातले घटक वेगळे करून मोजायची तपासणी) करून घेतली होती. तिच्या पाठ्यपुस्तकात सिनिऑल (निलगिरी तेलाच्या वासाचा घटक) ४५ टक्क्यांच्या आसपास असतं असं लिहिलेलं. कागदावर आलं होतं २१. कापूर मात्र १७ टक्के. म्हणजे कोणीतरी कापूर ढकललाय, हा तिचा सरळ हिशेब.

मी बाटली उलटी केली. मागच्या लेबलवर बारीक अक्षरात मूळ देश लिहिला होता: स्पेन. तेल ठीक होतं. पुस्तकही ठीक होतं, फक्त पुस्तकातलं वाक्य मोरोक्कोच्या तेलाबद्दल होतं.

"अगं, 'रोझमेरीचं तेल' असं एक तेल नसतंच," मी तिला म्हणाले. त्यानंतर तिचा प्रोजेक्टच बदलला आणि त्यातून हा लेख निघाला. सुगंधी तेलांवर काम करणारे विद्यार्थी, घरी साबण करणारे, केसांच्या तेलात चार थेंब टाकणारे, या सगळ्यांना यातलं काही ना काही उपयोगी पडेल. ज्यांना फक्त बाटली घ्यायची आहे त्यांनी पायरी दोन वाचून थेट शेवटाकडे गेलं तरी चालेल.

पायरी १. आधी वनस्पतीचं नाव नक्की करा

'जंगली रोझमेरी' या नावाने जगात निदान तीन वेगवेगळ्या वनस्पती ओळखल्या जातात. उत्तर युरोपातल्या दलदलीत वाढणारं एक झुडूप रोडोडेंड्रॉनच्या कुळातलं आहे आणि ते विषारी आहे. दक्षिण आफ्रिकेतलं पांढऱ्या कापसासारख्या बोंडांचं झुडूप सूर्यफुलाच्या कुळातलं. आणि तिसरी आपली स्वयंपाकातली रोझमेरी, तुळशी-पुदिन्याच्या कुळातली, भूमध्य समुद्राभोवतीच्या कोरड्या, चुनखडीच्या उतारांवर आपोआप वाढणारी. तिघींच्या तेलांचा एकमेकांशी काही संबंध नाही. या लेखात फक्त तिसरी.

तिचं शास्त्रीय नावही बदललेलं आहे. जुन्या पुस्तकांत रोझमॅरिनस ऑफिसिनॅलिस, २०१७ नंतरच्या कागदांत साल्विया रोझमॅरिनस. झाड तेच. दक्षिण स्पेन आणि उत्तर आफ्रिकेत तिच्या दोन जवळच्या बहिणीही रानात वाढतात आणि जिथे शेजार असतो तिथे संकरही होतात. फुलाच्या निदलपुंजावर किंवा पानांवर नेहमीपेक्षा दाट लव दिसली तर थांबा. एक फांदी वर्तमानपत्रात दाबून वाळवा आणि वनस्पतिशास्त्राच्या माणसाला दाखवा. असा दाबलेला नमुना जपून ठेवलेला नसेल तर पुढचे सगळे आकडे कुठल्या झाडाचे, याला पुरावा राहत नाही.

भारतात रोझमेरी रानात उगवत नाही. निलगिरीच्या डोंगरांत लागवड होते, आपल्याकडे बाल्कनीतल्या कुंड्यांत दिसते. त्या कुंड्यांबद्दल पुढे बोलू.

पायरी २. नाकाने पहिला कौल घ्या

यंत्राकडे जाण्याआधी गाळण कागदाची बोटभर पट्टी कापा, टोकावर तेलाचा एक थेंब टाका, पट्टीवर तारीख आणि वेळ लिहा. लगेच एकदा हुंगा, मग पंधरा मिनिटांनी, मग दोन तासांनी. मध्ये नाक थकलं तर स्वतःच्या बाहीचा वास घ्या, नाक पुन्हा जागेवर येतं.

काय शोधायचं? रोझमेरीतले मुख्य वास आपल्या घरात आधीच आहेत. सर्दीला छातीवर चोळायच्या निलगिरी तेलाचा थंडगार झोत म्हणजे सिनिऑल. वेलदोडा खलबत्त्यात फोडल्यावर पहिल्यांदा नाकात जातं त्यातही तेच असतं. दाराला पॉलिश करणाऱ्याच्या टर्पेंटाइनचा वास म्हणजे अल्फा-पायनीन. कापूर ओळखायला देव्हारा आहेच. बॉर्निल ॲसिटेट पाइनच्या जंगलासारखं, गोडसर. व्हर्बिनोन ओळखायला सवय लागते, कापूर आणि पुदिना एकत्र वाळवल्यासारखा कोरडा वास.

पायनीन आधी उडून जातं. म्हणून पहिल्या क्षणी टर्पेंटाइन आणि दोन तासांनी कापूर, असा क्रम आला तर तेल स्पेनच्या बाजूचं असण्याची शक्यता आहे. सुरुवातीपासून निलगिरीच निलगिरी असेल तर मोरोक्को किंवा ट्युनिशिया. नाकाने टक्केवारी कळत नाही. मात्र कोणते दोन नमुने एकमेकांपासून लांब आहेत हे यंत्राच्या आधी कळतं.

जाता जाता: आज आरतीत पेटवला जाणारा बहुतेक कापूर टर्पेंटाइनमधल्या पायनीनपासून कारखान्यात बनवलेला असतो. पायनीन आणि कापूर ही किती जवळची भावंडं आहेत, हे यावरून लक्षात येईल.

पायरी ३. फरक कुठून येतो ते समजून घ्या

रोझमेरीचं पान भिंगाखाली धरा. खालच्या बाजूला पांढरट लव आणि त्या लवेत लपलेले बारीक चमकदार थेंब दिसतील. त्या तैलग्रंथी. तेल तिथेच तयार होतं आणि तिथेच साठतं. म्हणूनच झुडपाला नुसता हात लागला तरी वास येतो.

ग्रंथीत सगळ्यांची सुरुवात एकाच रेणूपासून होते, जेरॅनिल डायफॉस्फेट. पुढे कोणतं एन्झाइम त्याला पकडतं त्यावर मार्ग ठरतो. एका मार्गाने सिनिऑल, दुसऱ्याने पायनीन, तिसऱ्याने आधी बॉर्निऑल आणि मग कापूर. एकाच एसटी स्टँडवरून सुटणाऱ्या गाड्या समजा. प्रवासी ठरावीक, एका गाडीला गर्दी झाली की दुसरी रिकामी जाते. कोणत्या गाड्या जास्त सुटणार हे बऱ्याच अंशी झुडपाच्या रक्तात असतं. ऊन, पाण्याची ओढ, पानाचं वय आणि महिना हे त्यावर थोडंफार मागेपुढे करतात. ज्या झुडपांत एखादा मार्ग कायम पुढे असतो त्यांच्या गटाला केमोटाइप म्हणतात. सिनिऑलचा, कापराचा, व्हर्बिनोनचा (कॉर्सिका आणि सार्डिनियाच्या तेलांची यासाठी ख्याती आहे), शिवाय पोर्तुगालकडे मर्सीन जास्त असलेली तेलंही सापडतात.

दिसायला ही सगळी झुडपं सारखीच. निळी फुलं, सुईसारखी पानं. डोळ्यांनी केमोटाइप कळत नाही.

पायरी ४. नमुने गोळा करा, पण एकत्र करू नका

बहुतेक प्रोजेक्ट इथेच फसतात. आमचा एक जुना विद्यार्थी व्हॅलेन्सियाजवळ काम करतो. पहिल्या वर्षी त्याने एका डोंगरावरच्या तीस झुडपांची पानं एका पोत्यात भरली, एकदाच भट्टी (पानं पाण्यात उकळून वाफेबरोबर तेल काढायची) लावली आणि मला फोनवर आनंदाने सांगितलं, "सिनिऑल ३५ टक्के आलं." मी विचारलं, कोणत्या झुडपाचं? तो गप्प झाला.

समजा त्या तिसातली पंधरा झुडपं ५० टक्के सिनिऑलची आहेत आणि पंधरा २० टक्क्यांची. तेल सारखंच निघत असेल तर पोत्याचा आकडा येणार ३५. डोंगरावरच्या एकाही झुडपाचा तो आकडा नाही. ज्या फरकाचा अभ्यास करायचा तोच आपण पोत्यात गाडला. दुसऱ्या वर्षी त्याने तीस कागदी पिशव्या नेल्या.

तर, एक झुडूप, एक पिशवी, एक भट्टी. एका ठिकाणाहून वीस-तीस झुडपं घ्या. दोन झुडपांत दहा-पंधरा मीटर तरी अंतर ठेवा, कारण जमिनीला टेकलेली फांदी मुळं धरते आणि शेजारचं 'वेगळं' झुडूप मुळात तेच असू शकतं. जे सगळ्यात घमघमतं ते निवडण्याचा मोह टाळा. एक रेघ धरून चाला आणि दर पंधरा मीटरवर जे सापडेल ते घ्या.

प्रत्येक पिशवीवर पेन्सिलने (शाई तेलाने पसरते) लिहा: झुडपाचा क्रमांक, जीपीएस, उंची, उतार कोणत्या दिशेला, खडक कोणता, तारीख, तोडण्याची वेळ, कळी-फूल-बी यांपैकी कोणती अवस्था, पानं कोवळी की मागच्या वर्षीची. या शेवटच्या दोन गोष्टी लोक हमखास विसरतात. एकाच झुडपाच्या कोवळ्या आणि जून पानांचं तेल सारखं नसतं. एका डोंगरावरची झुडपं मार्चमध्ये आणि दुसऱ्यावरची जुलैमध्ये तोडली, तर जो फरक दिसेल तो डोंगराचा की महिन्याचा, हे कोणीही सांगू शकणार नाही.

तोडताना हिरव्या भागातच कात्री लावा. रोझमेरीला पान नसलेल्या जुन्या लाकडातून फुटवा धड येत नाही, तिथून कापलं की फांदी गेली. परवानगीही आधीच घ्या. मोरोक्को-ट्युनिशियात रोझमेरीची रानं सरकारी वनजमिनीवर आहेत आणि तोडीचे हक्क रीतसर दिले जातात. अभ्यासासाठी परदेशातून वनस्पती आणायची तर नागोया करार (दुसऱ्या देशाची जैवसंपत्ती वापरण्याबद्दलचा आंतरराष्ट्रीय करार) आहे, भारतातून न्यायची तर २००२ चा जैवविविधता कायदा आहे. कागदपत्रं कंटाळवाणी असतात, पण प्रबंध छापायच्या वेळी तीच विचारतात.

पायरी ५. वाळवणं

थोडक्यात: सावलीत, पातळ थर, खेळती हवा, आठ-दहा दिवस. उन्हात नको, ओव्हनमध्ये तर नकोच. प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलीत तर बुरशी धरेल. पानं देठापासून ओरबाडून घ्या आणि काड्या टाकून द्या, कारण काडीत तेल नगण्य असतं आणि उगाच वजन वाढतं. पानं भट्टीला लावायच्या क्षणापर्यंत चुरू नका, ग्रंथी फुटल्या की पायनीन सगळ्यात आधी पळतं.

पानात किती पाणी उरलंय हे मोजण्यात एक खाच आहे. नेहमीच्या पद्धतीने १०५ अंशांवर तापवून वजन घेतलं तर पाण्याबरोबर तेलही उडतं आणि तुम्ही ते पाणी म्हणून मोजता. सुगंधी पानांसाठी टोल्यूइनबरोबर उकळून पाणी वेगळं मोजायची पद्धत वापरा.

पायरी ६. भट्टी

प्रयोगशाळेत क्लेव्हेंजरचं उपकरण वापरतात. गोल फ्लास्क, त्याच्या वर वाफ थंड करणारा कंडेन्सर, बाजूला मोजपट्टीची बारीक नळी. ८० ग्रॅम वाळकी पानं आणि साधारण दहापट पाणी घ्या. फ्लास्क अर्ध्याहून थोडाच जास्त भरा, नाहीतर फेस थेट नळीत चढतो. उसळी येऊ नये म्हणून पोर्सिलीनचे चार तुकडे टाका. काचेच्या सांध्यांना ग्रीस लावू नका, ते नंतर रिपोर्टच्या आलेखात नसते डोंगर उभे करतं.

उकळी फुटल्यावर थोड्याच वेळात नळीत पाण्यावर पहिलं तेल दिसायला लागतं. आधी धुरकट, मग एकदम स्वच्छ, जवळजवळ रंगहीन कडं. सुरुवातीचं तेल भराभर वाढतं. तासाभरानंतर एक रेघ चढायला पंधरा मिनिटं लागतात आणि इथे माणूस कंटाळून गॅस बंद करतो. करू नका. पायनीन आणि सिनिऑल आधी येतात. कापूर, बॉर्निऑल, व्हर्बिनोन यांचा वाटा मागाहून वाढतो. एका नमुन्याला चाळीस मिनिटं आणि दुसऱ्याला तीन तास दिले, तर तुम्ही झुडपांची नाही, स्वतःच्या धीराची तुलना करताय. तीन तास ठरवलेत तर तीसच्या तीस नमुन्यांना तीन तास.

हे पटवायला आम्ही त्या मुलीकडून एक छोटा प्रयोग करून घेतला. एकाच पोत्यातल्या पानांचं तेल तिने तीन बाटल्यांत धरलं: पहिली वीस मिनिटं, पुढची चाळीस, आणि उरलेले दोन तास. मग तिन्ही पट्ट्या न सांगता ऑफिसमधल्या मावशींना हुंगायला दिल्या. मावशींनी पहिलीला सर्दीचं औषध म्हटलं आणि तिसरीला कपाटातल्या गोळ्या. झाड एकच होतं.

कारखान्यातल्या वाफेच्या भट्टीचं आणि क्लेव्हेंजरचं तेल तंतोतंत जुळत नाही, यामागे पाणीही आहे. सिनिऑल आणि कापूर पाण्यात थोडे विरघळतात, पायनीन जवळजवळ नाही. क्लेव्हेंजरमध्ये खालचं पाणी परत फ्लास्कमध्ये जातं. भट्टीवर ते पाणी वेगळं काढून 'रोझमेरी वॉटर' म्हणून विकलं जातं आणि त्याच्याबरोबर थोडं सिनिऑल आणि कापूरही जातो.

घरी करून बघणाऱ्यांसाठी एवढंच: कुकरच्या शिट्टीच्या जागी नळी लावायचा जुगाड पुष्कळ जण करतात. पानाचा चुरा अडकून नळी तुंबली तर आत वाफ कोंडते. मी तो सल्ला देणार नाही.

आता हिशेब. ८० ग्रॅम पानांतून १.३ मिलिलिटर तेल निघालं. पानांत पाणी १० टक्के होतं, म्हणजे कोरडी पानं ७२ ग्रॅम. १.३ भागिले ७२, म्हणजे १.८ टक्के. पाणी वजा केलं नसतं तर १.६ आलं असतं. युरोपियन फार्माकोपिया (औषधांच्या दर्जाचे नियम देणारा ग्रंथ) रोझमेरीच्या पानात किलोला निदान १२ मिलिलिटर तेल मागते, त्या हिशेबाने हे पान चांगलं.

तेल निर्जल सोडियम सल्फेटवरून (पाणी शोषून घेणारा क्षार) कोरडं करा आणि छोट्या तपकिरी बाटलीत गळ्यापर्यंत भरून फ्रीजमध्ये ठेवा. अर्धी रिकामी बाटली म्हणजे अर्धी हवा.

पायरी ७. रिपोर्ट वाचायला शिका

गॅस क्रोमॅटोग्राफी आपल्याकडे बऱ्याच विद्यापीठांत आणि खाजगी प्रयोगशाळांत पैसे भरून करून मिळते. नमुना देताना दोन प्रश्न विचारा: कॉलम (ज्या बारीक नळीतून जाताना घटक वेगळे होतात ती) कोणता, आणि रिटेन्शन इंडेक्स (घटक त्या नळीतून कधी बाहेर पडतो त्यावरून ठरणारा त्याचा आकडा) देणार का?

दुसरा प्रश्न महत्त्वाचा, कारण मास स्पेक्ट्रोमीटरचं (रेणूंचे तुकडे करून त्यांचं वजन बघणारं यंत्र) सॉफ्टवेअर आलेखातल्या प्रत्येक डोंगराला काही ना काही नाव देतंच, अगदी आत्मविश्वासाने. टर्पीन (पायनीन, सिनिऑल, कापूर यांचं रेणूंचं कुटुंब) एकमेकांसारखे दिसतात, त्यामुळे फक्त स्पेक्ट्रमवरून चूक होते. पाच टक्के फिनाइलवाल्या नेहमीच्या कॉलमवर अल्फा-पायनीन ९३२ च्या आसपास, कॅम्फीन ९४६, कापूर ११४१, बॉर्निऑल ११६५, व्हर्बिनोन १२०४, बॉर्निल ॲसिटेट १२८५ च्या जवळ यायला हवं. नाव व्हर्बिनोनचं आणि इंडेक्स ११५०, असं दिसलं की नाव खोटं.

पहिल्या प्रश्नाचं कारण असं. याच कॉलमवर लिमोनीन १०२४ ला येतं आणि सिनिऑल १०२६ ला. म्हणजे एकाच्या अंगावर दुसरं. बऱ्याच रिपोर्टमध्ये लिमोनीन शून्य आणि सिनिऑल तीन-चार टक्क्यांनी फुगलेलं दिसतं, ते यामुळे. ध्रुवीय मेणी कॉलमवर नमुना पुन्हा चालवला की दोघं सुटतात.

आता तुलना. आयएसओ १३४२ हे मानक आणि युरोपियन फार्माकोपिया, दोन्ही रोझमेरीच्या तेलाचे दोन प्रकार मानतात. फार्माकोपियाच्या मर्यादा अशा:

स्पॅनिश प्रकार: अल्फा-पायनीन १८ ते २६, कॅम्फीन ८ ते १२, सिनिऑल १६ ते २५, कापूर १३ ते २१, व्हर्बिनोन ०.७ ते २.५ टक्के.

मोरोक्को-ट्युनिशिया प्रकार: अल्फा-पायनीन ९ ते १४, कॅम्फीन २.५ ते ६, सिनिऑल ३८ ते ५५, कापूर ५ ते १५, व्हर्बिनोन जास्तीत जास्त ०.४ टक्के.

आमच्या मुलीचा रिपोर्ट (सिनिऑल २१, कापूर १७, पायनीन २२) पहिल्या ओळीत अलगद बसतो.

पण या मर्यादा व्यापारी तेलासाठी आहेत. व्यापारी तेल हजारो झुडपांच्या भाऱ्यांचं एकत्र निघतं, म्हणजे ती सरासरीच असते, त्या विद्यार्थ्याच्या पोत्यासारखी. मोरोक्कोच्या डोंगरावरचं एखादं एकटं झुडूप या मर्यादांबाहेर गेलं तर ते खोटं ठरत नाही. उलट फरक अभ्यासणाऱ्याला त्या झुडपातच रस असायला हवा.

आणखी दोन सापळे. एक, टक्केवारीची बेरीज शंभरच होते. सिनिऑल वाढलं की बाकी सगळे 'कमी झालेले' दिसतात, प्रत्यक्षात ते तेवढेच असले तरी. शक्य असेल तर तेलाच्या एकूण उताऱ्याने गुणून दर ग्रॅम पानामागे किती मिलिग्रॅम, असं लिहा. दोन, जुनं तेल. पायनीन हवेत हळूहळू ऑक्सिडाइज होऊन व्हर्बिनोल आणि व्हर्बिनोन बनतं, पॅरा-सायमीनही वाढतं. पायनीन कमी, आणि व्हर्बिनोन व सायमीन दोन्ही जास्त, असं एकत्र दिसलं तर केमोटाइप शोधल्याच्या आनंदात पडण्याआधी बाटली कधी उघडली होती ते विचारा.

आणि एकच पोतं तीनदा भट्टीला लावून तिन्ही रिपोर्ट शेजारी ठेवा. सिनिऑल २०, २१, २२ असं आलं, तर तुमच्या हाताची आणि यंत्राची चूकच एक-दोन टक्क्यांची आहे. मग दोन डोंगरांतला दीड टक्क्याचा फरक हा फरक नाही.

पायरी ८. त्रिकोणावर मांडा

संख्याशास्त्राची सॉफ्टवेअर नंतर. आधी आलेख कागदावर समभुज त्रिकोण काढा. तीन कोपरे: सिनिऑल, कापूर, अल्फा-पायनीन. प्रत्येक झुडपाचे हे तीन आकडे घ्या, त्यांची बेरीज शंभर धरा आणि बिंदू टाका. वरच्या स्पॅनिश तेलात बेरीज ६०, म्हणून सिनिऑल ३५, कापूर २८, पायनीन ३७. बिंदू त्रिकोणाच्या मधोमध पडतो. सिनिऑल ४६, कापूर ११, पायनीन ११ असलेलं तेल ६८, १६, १६ होऊन सिनिऑलच्या कोपऱ्याकडे सरकतं.

तीस झुडपांचे तीस बिंदू टाकल्यावर चित्र बोलायला लागतं. बिंदूंचे वेगळे पुंजके दिसले तर केमोटाइपची भाषा करता येईल. एकाच लांबट ढगासारखे पसरले असतील तर सलग फरक आहे आणि मधेच कुठेतरी रेघ मारून दोन नावं देणं ही आपली हौस. व्हर्बिनोन जास्त असलेली झुडपं या त्रिकोणात लपतात, त्यांना वेगळ्या रंगाने टाका.

पायरी ९. मातीचा गुण की वाणाचा, हे तपासा

डोंगराच्या माथ्यावर कापूर जास्त आणि पायथ्याशी सिनिऑल जास्त निघालं. 'उंचीमुळे कापूर वाढतो' असं लिहून मोकळं व्हावंसं वाटतं. पण माथ्यावरची झुडपं कदाचित वेगळ्या वाणाचीच असतील. याचा निकाल एकाच पद्धतीने लागतो: दोन्हीकडची कलमं एकाच वाफ्यात लावायची.

प्रत्येक झुडपाच्या निमकोवळ्या फांदीच्या आठ-दहा सेंटीमीटरच्या पाच काड्या घ्या, खालची पानं काढा, वाळू मिसळलेल्या भुसभुशीत मिश्रणात लावा. मुळं धरल्यावर सगळी कलमं एका वाफ्यात चिठ्ठ्या टाकून सरमिसळ लावा, ओळीने नाही. वर्षभराने एकाच दिवशी तोडा आणि एकाच पद्धतीने तेल काढा. माथ्यावरच्या आईच्या पाचही लेकींनी कापूरच जास्त दिला तर तो गुण रक्तातला. सगळ्या एकसारख्या झाल्या तर माती-हवेचा.

आपल्याकडे हे करणाऱ्यांनी काळ्या मातीच्या नादी लागू नये. पावसाळ्यात पाणी साचलं की रोझमेरी मुळापासून कुजते. मुरूम, वाळू, उंच वाफा, वर पाऊस अडवायला छप्पर. आणि नर्सरीतून वीस कुंड्या आणून 'वीस नमुने' म्हणू नका. त्या बहुधा एखाद-दोन मातृझाडांच्या काड्या असतात, म्हणजे एकच झुडूप वीस वेळा.

ज्यांना भूमध्य समुद्र लांब वाटतो त्यांच्यासाठी घरचं उदाहरण आहे. खानदेशातलं रोशा गवत. पूर्वी त्याचं तेल मुंबई बंदरातून तांबड्या समुद्रामार्गे तुर्कस्तानात जायचं, गुलाबाच्या अत्तरात मिसळलं जायचं आणि पुढे युरोपात 'तुर्की जिरॅनियम' या नावाने विकलं जायचं. या गवताचे मोतिया आणि सोफिया असे दोन प्रकार आहेत. दिसायला जवळजवळ सारखे. मोतियाचं तेल जेरॅनिऑलने भरलेलं, गुलाबाच्या वळणाचं आणि महाग; सोफियाचं आल्याच्या वळणाचं आणि स्वस्त. वरच्या सगळ्या पायऱ्या, त्रिकोणाचे कोपरे तेवढे बदलून, रोशाला जशाच्या तशा लागू पडतात.

पायरी १०. विकत घेताना आणि वापरताना

विक्रेत्याला 'ओरिजिनल आहे का?' हे विचारू नका, उत्तर ठरलेलं असतं. चार गोष्टी विचारा: शास्त्रीय नाव, देश, काढल्याचं वर्ष, आणि याच बॅचचा रिपोर्ट. चौथी मिळाली नाही तर निदान दुसरी तरी मिळायला हवी.

भेसळीचा संशय आकड्याच्या मोठेपणावरून घेऊ नका, विसंगतीवरून घ्या. लेबल स्पेनचं आणि सिनिऑल ५० टक्के, तर निलगिरीचं तेल ओतलेलं असू शकतं किंवा लेबलच चुकीचं असेल. कापूर भरपूर पण कॅम्फीन आणि बॉर्निऑल नावालाच, हेही खटकायला हवं, कारण झुडपात हे तिघं सोबत येतात. कारखान्यातल्या कापरात डावा आणि उजवा रेणू (एकमेकांची आरशातली प्रतिबिंबं) निम्मे-निम्मे असतात. हे दोन वेगळे करणाऱ्या कायरल कॉलमवर झाडाच्या कापराशी त्याची तुलना करता येते.

साबणाला मी मोरोक्कोचं तेल घेते. सिनिऑलचा वास ताजा राहतो आणि कापराचा देव्हारा होत नाही. हा माझ्या नाकाचा कौल. केसांसाठी वापरणारे २०१५ मधल्या इराणच्या चाचणीचा हवाला देतात: १०० रुग्ण, सहा महिने, एका गटाला रोझमेरी, दुसऱ्याला २ टक्के मिनोक्सिडिल (केसगळतीवरचं औषध), आणि शेवटी दोन्ही गटांत लक्षणीय फरक नाही. त्या चाचणीत निव्वळ प्लासिबोचा (औषध नसलेल्या द्रवाचा) गट नव्हता. शिवाय त्यात वापरलेलं रोझमेरीचं द्रव एक ठरावीक घटनेचं होतं. तुमच्या बाटलीत कोणतं तेल आहे हे ठाऊक नसताना तो निकाल तिला चिकटवता येत नाही.

वापरायचंच तर १०० मिलिलिटर खोबरेल तेलात १ मिलिलिटर, म्हणजे साधारण वीस थेंब. आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस थांबा. पोटात घेऊ नका. लहान मुलांच्या नाका-तोंडाजवळ नको, फिट येणाऱ्यांनी आणि गरोदर बायकांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. कापराचं प्रमाण जास्त असलेल्या तेलाबाबत तर हे दुप्पट काटेकोरपणे पाळा. जुनाट, टर्पेंटाइनसारखा उग्र झालेला माल अंगाला लावू नका, ऑक्सिडाइज झालेल्या टर्पीनने कातडीला ॲलर्जी येऊ शकते. आणि हे तेल पेट घेतं, देवघरात समईशेजारी बाटली ठेवू नका.

आमच्या फ्रीजमध्ये आता त्या पहिल्या बाटलीवर मुलीने नवं लेबल लावलंय. तिच्याच अक्षरात: "साल्विया रोझमॅरिनस. स्पेन, डोंगर माहीत नाही, महिना माहीत नाही. सिनिऑल २१, कापूर १७, पायनीन २२. बऱ्याच झुडपांची सरासरी. बाटली उघडल्याची तारीख खाली."